सिग्मा ओरायनिस ई : वर्णपटातून चुंबकीय क्षेत्र कसं मोजायचं

मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांच्या ओळखीचे. त्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ सिग्मा ओरायनिस हा छोटा तारासमूह आहे. त्यातला ‘ई’ हा सूर्याच्या साधारण आठपट वस्तुमानाचा तारा. १९७८ साली लँडस्ट्रीट आणि बोरा या खगोलशास्त्रज्ञांनी त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजलं. सराव करायला हाच घ्या, कारण क्षेत्र तगडं आहे आणि परिवलनकाल जेमतेम १.१९ दिवस.

चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटते, म्हणजे तिचे थोडे सरकलेले भाग होतात, पण इथे ते फुटणं डोळ्यांना दिसत नाही. ५०० नॅनोमीटरच्या आसपास १० किलोगॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रामुळे रेषा सेकंदाला आठेक किलोमीटर सरकते आणि परिवलनामुळे ती दोन्ही बाजूंना दीडशेपर्यंत पसरलेली असते. म्हणून मोजायचं ते वर्तुळाकार ध्रुवीकरण, म्हणजे स्टोक्स व्ही.

‘पोलरबेस’ या मोफत संग्रहात एस्पाडॉन्स आणि नार्वाल या उपकरणांचे वर्णपट मिळतात. फाइलमध्ये तरंगलांबी, तीव्रता, व्ही, दोन ‘नल’ (ताऱ्याचा ध्रुवीकरणाचा संकेत रद्द करून काढलेले तपासणीचे वर्णपट) आणि त्रुटी असे स्तंभ असतात. नलचे स्तंभ फेकू नका, पुढे सगळी भिस्त त्यांच्यावर आहे. कंटिन्युअम, म्हणजे रेषा नसत्या तर दिसली असती ती सलग प्रकाशपातळी, मात्र स्वतः बसवा. उष्ण ताऱ्यांच्या रुंद हायड्रोजन रेषांना स्वयंचलित प्रणाली कंटिन्युअमच समजते आणि रेषांची खोली चुकते.

एका रेषेतला व्हीचा संकेत गोंगाटात बुडतो, म्हणून एलएसडी (लीस्ट-स्क्वेअर्स डीकन्व्होल्यूशन) पद्धतीने शेकडो रेषांची सरासरी काढतात. वाल्ड या वर्णरेषांच्या माहितीसाठ्यातून सुमारे २३,००० केल्विन तापमान आणि लॉग जी (पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचं माप) ४ साठी रेषांची यादी घ्या आणि निर्दयपणे छाटा: हायड्रोजनच्या रेषा, त्यांच्या पंखांत अडकलेल्या रेषा, ६८७ आणि ७६० नॅनोमीटरजवळचे वातावरणातल्या ऑक्सिजनचे पट्टे. हीलियम आणि धातूंचे मास्क, म्हणजे छाटलेल्या रेषांच्या याद्या, वेगळे ठेवा. या ताऱ्यावर हीलियम ठिपक्याठिपक्यांत साचलेलं आहे, त्यामुळे दोन्ही मास्क पृष्ठभागाचे वेगवेगळे भाग तोलतात आणि उत्तरंही वेगळी देतात. दोन्ही खरी असतात, पण एकत्र केली की अर्थ हरवतो.

आता दृष्टिरेषेतलं सरासरी क्षेत्र, बीझेड. वेग गुणिले व्ही यांचं संकलन (इंटिग्रेशन) करा. त्याला λ × जी × प्रकाशवेग × (१ − तीव्रता) यांच्या संकलनाने भागा आणि −२.१४ × १०^११ ने गुणा. λ म्हणजे रेषांची सरासरी तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये; जी म्हणजे रेषांची चुंबकीय संवेदनशीलता (लांडे घटक, वरच्या लॉग जीपेक्षा वेगळा); वेग आणि प्रकाशवेग एकाच एककात, उत्तर गॉसमध्ये. λ आणि जी (समजा ५०० आणि १.२) एलएसडी करताना वापरले तेच हवेत. नाहीतर उत्तर त्याच प्रमाणात चुकतं आणि फेरीभरातल्या बीझेडच्या आलेखाचा आकार ठीक दिसत असल्याने चूक लक्षातही येत नाही.

संकलनाची हद्द रेषेच्या मध्यापासून (इथे सुमारे +३० किमी/सेकंद) दोन्हीकडे १८०च्या आसपास धरा. हद्द आखूड झाली तर संकेत कापला जातो. फार रुंद झाली तर कडेचा गोंगाट वेगाने गुणला जाऊन फुगतो. मग तेच गणित नलवर करा. तिथे त्रुटीच्या मर्यादेत शून्य आलं नाही, तर व्हीचं मोजमाप वापरू नका. क्षेत्र ‘नक्की सापडलं’ असं म्हणायला योगायोगाची शक्यता १०^−५ पेक्षा कमी लागते. बीझेड शून्य आलं, तरी व्हीचा आकार बघा: ताऱ्याच्या दिसणाऱ्या अर्ध्या चकतीवर उत्तर ध्रुव आणि अर्ध्यावर दक्षिण ध्रुव असला की सरासरी शून्य होते, संकेत मात्र स्पष्ट राहतो.

एका मोजमापावर थांबू नका. पूर्ण फेरीभर पसरलेली दहाबारा हवीत. त्यांच्या आलेखात बीझेड साधारण −१.६ ते +२.४ किलोगॉस फिरायला हवं. जुना डेटा जोडताना सावध राहा: चुंबकीय ब्रेकमुळे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे फिरणं मंदावत असल्याने, परिवलनकाल वर्षाला ७७ मिलिसेकंदांनी वाढतो. तो स्थिर धरला तर तीस वर्षांत सुमारे तीन तासांची, म्हणजे फेरीच्या दहाव्या हिश्शाची चूक साचते.

साध्या द्विध्रुवासाठी (एक उत्तर आणि एक दक्षिण ध्रुव असलेलं क्षेत्र) ध्रुवावरचं क्षेत्र कमाल बीझेडच्या ३.३ पट तरी असतं, म्हणजे इथे किमान सुमारे आठ किलोगॉस. बीझेड शून्य होण्याच्या वेळाही नोंदवून ठेवा. काही उष्ण चुंबकीय तारे नेमके त्या सुमारास तीव्र ध्रुवित रेडिओ स्पंद सोडतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर असे अनेक तारे सापडले आहेत आणि तिथे दुर्बीण कधी रोखायची हे याच आलेखावरून ठरतं.