नाणेघाटात परग्रहवाले उतरवायचे असतील तर

मी सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यातली निम्मी तरी कल्याण-जुन्नर गाडीवर गेली. मुरबाड सुटलं, टोकावडं गेलं की वैशाखऱ्याच्या आसपास उजवीकडे डोंगराच्या धारेवर एक दगडी आंगठा उभा दिसतो. नानाचा आंगठा. त्याच्या कुशीतनं जो घाट चढतो तो नाणेघाट. गाडी जाते माळशेजने, पण माझं लक्ष कायम त्या आंगठ्याकडे. निवृत्त झाल्यावर गोष्टी लिहायला बसलो तेव्हा कालप्रवासी, परग्रहवाले, लढाई, सगळं तिथंच उतरवलं.

आता आमच्या भागातली कॉलेजची पोरं वही घेऊन येतात. "काका, मला पण अशी कथा लिहायचीय. पिरॅमिडपाशी यान उतरतं..." मी विचारतो, पिरॅमिड पाहिलायस का? नाही. मग नाणेघाट पाहिलायस का? दहा वेळा. तर मग बस, आणि मी सांगतो तसं करून बघ.

पहिलं काम म्हणजे 'प्राचीन काळी' हे शब्द खोडायचे. प्राचीन काळी म्हणजे कधी? सातवाहनांचं राज्य काही शतकं चाललं. घाटातल्या लेण्यात जिचा लेख आहे ती नागनिका राणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली, आणि क्षहरात या क्षत्रप राजघराण्याचा नि:पात करणारा गौतमीपुत्र सातकर्णी इसवी सनानंतरचा. माझ्या पहिल्या गोष्टीत मी दोघांना एका दरबारात बसवलं होतं. आपल्या अहिल्याबाई होळकरांना आणि यशवंतराव चव्हाणांना एका मंत्रिमंडळात बसवण्यासारखंच झालं ते. तेव्हा एक राजा धरा, त्याच्या राज्याचं एक वर्ष धरा. त्या वेळचे लेख तारीख कशी देतात ते बघा: राजाचं अमुक वर्ष, पावसाळ्याचा अमुक पक्ष, अमुक दिवस. वर्षाचे ऋतू तीनच, ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत. यात वार कुठंच नाही. मी मात्र गोष्ट सुरू केली होती 'सोमवारची पहाट होती' अशी. ती एका दिवाळी अंकात छापून आली आणि आठवड्यात जुन्नरच्या एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. वार घातलेला आपल्याकडचा जुन्यात जुना लेख म्हणजे मध्य प्रदेशातल्या एरणचा, इसवी सन ४८४ चा, आणि तोही गुरुवारचा, असं त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: 'तुमच्या नायकाला ठेचा कुणी वाटून दिला?'

बरोबर होतं त्यांचं. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, काजू, पेरू, मका, तंबाखू, यातलं काहीही पोर्तुगीज येण्याआधी इकडं नव्हतं. माझा नायक भाकरीवर ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन परग्रहवाल्यांशी लढायला गेला होता. त्याच्या ताटात भात, कुळथाचं कढण, मूग, उडीद, तूप, ताक वाढा. तिखट हवं तर मिरी आणि आलं. लिहिताना आपलं नेहमीचं ताट डोळ्यासमोर येतं आणि तिथंच पाय घसरतो. लढाईच्या प्रसंगाला मी फार वेळ देत नाही, पण जेवणाचा प्रसंग दोनदा तपासतो.

मग कालप्रवासी. दोनच घ्या, फार तर तीन. गाडीत जसं तिकिटावर सामान बघतात तसं त्यांचं सामान लिहून काढा. मोबाइल नेला तर टॉवर नाही आणि आकाशात उपग्रह नाहीत, तेव्हा नकाशावर 'तुम्ही इथे आहात' हा ठिपका उमटणार नाही. राहिली विजेरी आणि फोटो, तेही बॅटरी आहे तोवर. पैशांचं काय? तिथं चालतात कार्षापण. तुमचं पाच रुपयांचं नाणं कुणी हातात धरणार नाही. माझ्या गोष्टीतल्या बाईने स्टीलच्या डब्याचं झाकण दिलं. लोखंड वितळवणारे, पोलाद ओळखणारे लोक आहेत ते. न गंजणारं, आरशासारखं लोखंड बघून तिथला लोहार झाकण परत द्यायलाच तयार होईना. अशी एखादी वस्तू शोधा, जी आपल्याकडे भांड्याच्या दुकानात मिळते आणि तिथं राजाच्या कोठारात जाईल.

आकडे लिहून दाखवायची चूक करू नका. नाणेघाटाच्या लेखात यज्ञाच्या दक्षिणेचे आकडे आहेत. एका यज्ञाला बारा गायी आणि एक घोडा, दुसऱ्याला १,७०० गायी आणि १० हत्ती. पण दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. स्थानावरून किंमत ठरत नाही आणि शून्य नाहीच. तुमच्या पोराने जमिनीवर १०० काढलं तर ते लोक त्यात एक रेघ आणि दोन गोळे बघतील.

भाषेसाठी कानात घालायचं भाषांतराचं यंत्र बहुतेक जण देतात. मला ते आवडत नाही, त्याने गंमत जाते. तिथले लोक प्राकृत बोलतात. हात म्हणजे हत्थ, दूध म्हणजे दुद्ध, आग म्हणजे अग्गि, वाघ म्हणजे वग्घ, आज म्हणजे अज्ज. जुन्नरच्या पोराला पहिल्या दिवशी काही कळणार नाही, चौथ्या दिवशी निम्मं कळेल, आणि आठव्या दिवशी कुणी 'वग्घ' ओरडलं की तो न विचारता झाडावर चढेल. हे आठ दिवस तुमच्या कथेतले सगळ्यात चांगले दिवस असतात. यंत्र देऊन ते घालवू नका.

आता परग्रहवाले. इथं बहुतेक वह्या मी मिटतो. हिरवे डोळे, लेझर, गाव जाळलं, सगळे मेले. क्रूर म्हणजे जाळपोळ करणारा, एवढंच आपल्याला सिनेमाने शिकवलंय. खरा निर्दय आक्रमक बघायचा असेल तर त्याच घाटाचा इतिहास वाचा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती, पुढं तिची कोंडी झाली, आणि चुकून एखादं ग्रीक जहाज तिथं लागलंच तर पहाऱ्यात भरुचला नेलं जाई. कल्याण जाळायची गरजच पडली नाही. माल वळवला की नाणेघाटातले बैल रिकामे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण रिकामा, जुन्नरची पेठ ओस. मी कंडक्टर, मला हे लगेच कळतं. रस्ता बंद न करता गाडी दुसरीकडनं वळवली की मधलं गाव आपोआप मरतं.

दुसरी गोष्ट जोगलटेंभीची. नाशिकजवळ १९०६ साली तिथं तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्याच क्षहरातांच्या क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला. वितळवली नाहीत, फेकली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच आपला छाप हाणला आणि नाणं पुन्हा बाजारात सोडलं. गौतमीपुत्र आपला माणूस, त्याचा अभिमान आहेच. पण ती नाणी पाहिली आणि माझे परग्रहवाले मला सापडले. ते कुणाला मारत नाहीत. माणसाच्या चेहऱ्यावर आपला ठसा मारतात आणि त्याला परत बाजारात सोडतात. तो तसाच ओझी वाहतो, तसाच मीठ विकतो, फक्त बायकोने हाक मारली तर वळून बघत नाही. तुमचा ठसा वेगळा असू द्या, पण आधी त्यांना हवंय काय ते ठरवा. सोनं, पाणी असली कारणं नकोत, ती आकाशात त्यांना आपल्याहून स्वस्त मिळतील. माझ्यांना हवा होता रस्ता. समुद्रापासनं पठारापर्यंतचा हा दगडी जिना ज्याच्या हातात, त्याच्या हातात प्रतिष्ठान आणि तगर, म्हणजे आपलं पैठण आणि तेर.

यान कुठं उतरवायचं? लोणारला नको. सगळेच तिथं उतरवतात. ते विवर उल्केचं, बेसॉल्टमधलं, सातवाहनांच्या हजारो वर्षं आधीचं. तिथं सातवाहनांच्या लोकांच्या डोळ्यांसमोर काही कोसळवलंत तर आमचे मास्तर पुन्हा पोस्टकार्ड टाकतील.

आणखी एक गोष्ट मी कुणालाच करू देत नाही. लेणी परग्रहवाल्यांनी खोदली असं लिहायचं नाही. हल्ली मोबाइलवर रोज असले व्हिडिओ येतात. अरे, अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलंय, जाऊन बघा ना. छिन्नीने कसकसं काम पुढं नेलं ते तिथं दिसतं. आधी छत, मग खाली. जुन्नरला तर पैसे कुणी दिले तेही कोरलंय. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. माणसांनी वर्गणी काढून केलेलं काम उचलून यानातल्या कुणाच्या नावावर टाकायचं, म्हणजे तुम्हीही ठसाच मारला की.

आणि म्हणूनच लढाई जिंकायची ती तिथल्या माणसांनी, त्यांच्या कसबाने. तुमच्या कालप्रवाशाने जादूचं बटण दाबलं की गोष्ट मेली. जुन्नरच्या लेखांत दोन श्रेणी आहेत, ज्यांच्याकडे दानाचे पैसे ठेवत: वसकार, म्हणजे बांबूचं काम करणारे, आणि कासाकार, काशाची भांडी करणारे. मी चार महिने या दोघांकडे बघत बसलो. बांबू आणि कासं घेऊन परग्रहवाल्यांशी लढणार कसं?

उत्तर घाटानेच दिलं. ऑगस्टमध्ये नाणेघाटात उभे राहा. कोकणातनं वारा असा चढतो की धबधब्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं. धुकं इतकं की स्वतःची चप्पल दिसत नाही. मग मी ठरवलं, माझे परग्रहवाले डोळ्याने बघत नाहीत, आवाजाने बघतात. वसकारांनी भोकं पाडलेले बांबू घळीत दोन्ही बाजूंनी बांधले. वारा चढला की सगळी घळ घुमायला लागली. त्यात शेकडो बैलांच्या गळ्यात कासाकारांच्या घंटा. आंधळे झाले बिचारे. आणि माझ्या कालप्रवाशाचं योगदान एवढंच, की घंटेचा इशारा कसा द्यायचा ते त्याने शिकवलं. एक टोला थांब, दोन टोले चल. सत्तावीस वर्षं ती दोरी ओढलीय मी, कुठंतरी कामाला येणारच होती.

तुमच्या जागेचा वारा, पाणी, दगड असाच वापरा. जागा फक्त पडद्यासारखी मागं टांगलेली असेल तर ती गोष्ट पिरॅमिडपाशी नेली तरी फरक पडत नाही. एका संपादकांनी मला खरंच तसं सुचवलं होतं, इजिप्त केलं तर जास्त वाचतील म्हणून. मी त्यांना विचारलं, तिथं बैल घाट कुठं चढतील? त्यांनी उत्तर दिलं नाही, कथाही घेतली नाही. दुसरीकडे छापली.

शेवट करताना पाळायचा नियम एकच, पण कडक. आज तिथं जे दिसतं ते तसंच राहिलं पाहिजे. परग्रहवाले येऊन गेले आणि कुणाला पत्ता नाही, हे कसं? तर इतिहासात जिथं भोक आहे तिथं गोष्ट ठेवायची. नाणेघाटाच्या लेण्यात मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजपुत्र, सगळ्यांची नावं वर कोरलेली आहेत. पुतळे गेले. पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. बाजूच्या भिंतींवरच्या मोठ्या लेखातली अक्षरंही जागोजाग उडालीत. मी काय केलं ते सांगत नाही, गोष्ट वाचा. पण ठसा मारणाऱ्यांना पुसलेले चेहरे वाचता येत नाहीत, एवढं सांगतो.

लिहून झालं की प्रत्यक्ष घाट चढून या, वैशाखऱ्याकडनं, घाटघरकडनं गाडीने नको. दम कुठं लागतो, पाणी कुठं मिळतं, ओझं घेऊन कुठं टेकता येतं ते वहीत टिपा आणि घरी येऊन निम्मी पानं बदला. मी तिसऱ्या खेपेला रांजणापाशी बसून आख्खं प्रकरण फाडलं, कारण माझे बैल जिथनं पळवले होते तिथनं माणूसही बसूनच उतरतो.

घंटांची गोष्ट छापून आली तेव्हा मास्तरांच्या पोस्टकार्डाची वाट बघत होतो. आलं. वाराबद्दल काही नाही, ठेच्याबद्दल काही नाही. एकच ओळ: 'घंटा काशाच्या की पितळेच्या?'

मी उलट टपाली कार्ड टाकलं. काशाच्या. लेण्यात लिहिलंय.