बाहेर स्केचिंगला जाताना पेन्सिलींचा डबा घरीच ठेवा

उभ्या उभ्या स्केच करताना वॉटरकलर पेन्सिली (ज्यांचा रंग पाण्यात विरघळतो त्या) सांभाळणं हाच मोठा ताप. एक काढली की दुसरी घरंगळते, आणि आत शिसं तुटलं की टोक करत बसा.

त्यापेक्षा निघण्यापूर्वी हे करा:

१. 300 जीएसएमच्या जाड, खरखरीत कागदाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या.
२. त्यावर सहा-सात रंगांचे चौकोन गिरवा. हात राखू नका. कागदाचा पांढरा दिसेनासा होईपर्यंत दाबून, आडवं-उभं. चौकोनांमध्ये बोटभर जागा सोडा, नाहीतर पिवळ्यात निळा उतरतो.
३. तुकडा वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला क्लिपने लावा.

झाली रंगांची पाटी. जागेवर ओला ब्रश चौकोनावर फिरवून रंग उचलायचा. दांड्यातच पाणी भरलेला वॉटर ब्रश असेल तर वाटीचीही कटकट नाही. सोबत फक्त एक गडद पेन्सिल ठेवा, खिडक्या-फांद्यांच्या रेघांसाठी. (मी गडद तपकिरी नेते, काळा फार बोचतो.)

मात्र ती रेघ कागद वाळल्यावरच ओढा. ओल्यावर ती एकदम गडद उमटते, वर टोक कागदात रुततं, आणि मग खोडरबर काही कामाचं नाही.