कंबरेत उसण भरली? पहिल्या तीन-चार दिवसात काय करायचं

निफाडकडे द्राक्षाचा खुडा चालू असला की हे हमखास बघायला मिळतं, भरलेला क्रेट वाकून उचलला, त्यातच कंबर वळवली आणि कळ आली, माणूस तिथंच अर्धा वाकलेला, उठता येईना की बसता येईना. मागच्या सीझनला मलाही भरली होती.

आधी एक समजून घ्या, आतली सूज म्हणजे दुरुस्ती चालू झालीय. स्नायूचे बारीक तंतू ताणले-तुटले की पांढऱ्या पेशी तिथं धावतात, प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सुटतात, त्याने नसांची टोकं हळवी होतात आणि आजूबाजूचे स्नायू आखडतात. मणक्यांमधल्या गादीतला गर बाहेर आला असेल तर तो नसेला नुसता दाबत नाही, सूज आणून चिडवतो पण, म्हणून कळ पार पोटरीपर्यंत जाते. 2022 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लोकांना तर असं दिसलं की ज्यांची कंबर पुढं बरी झाली त्यांच्यात सुरुवातीला सुजेची हालचाल जास्त होती.

पण दुरुस्ती चालू आहे म्हणून झोपून राहू नका!! फार तर एखादा दिवस. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, पाय खाली सोडा आणि हातावर जोर देऊन उठा. गरम पाण्याच्या पिशवीला टॉवेल गुंडाळून 15-20 मिनिटं शेक, दिवसातून दोन-तीनदा, आणि दर तासाला घरातल्या घरात का होईना चार पावलं. कुणाकडून कंबरेवर पाय देऊन घेऊ नका प्लीज.

गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस. मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक ही सूज-दुखणं कमी करणारी गोळी घेऊन आठवडाभर खाणारे आपल्याकडे खूप आहेत, पण किडनी, बीपी, अल्सर असलेल्यांना ते महागात पडतं. एमआरआय पहिल्याच दिवशी बहुतेकांना लागत नाही, बऱ्याच जणांचं काही आठवड्यात कमी होतं.

पण लघवी अडली किंवा नकळत होतेय, संडासवर ताबा नाही, बसायची जागा बधीर झाली, पाय लुळा पडतोय, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. ताप असेल किंवा पडून मार लागला असेल तरी दाखवून घ्या. आणि वय चाळीशीच्या आत, दुखणं तीन महिन्यांच्या वर, सकाळी अर्धा तास कंबर ताठ आणि चालल्यावर मोकळी होते, असं असेल तर ती नुसती उसण नसेलही, संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा.