पानांवरच्या ठिपक्यांसाठी ताजं बोर्डो मिश्रण

फळझाडांच्या पानांवर तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कडा आणि मग पानगळ? बुरशीचे डाग असतील तर डाग पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, नवी पानं मात्र वाचवता येतात. आधी खाली पडलेली पानं वेचून जाळा किंवा खोल पुरा; पुढच्या लागणीचं बी तिथेच असतं.

मग १ टक्का बोर्डो (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचं बुरशीनाशक), १० लिटरसाठी:

१. प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद विरघळवा. लोखंडी भांडं नको.
२. दुसऱ्या बादलीत १०० ग्रॅम कळीचा चुना विरवून, थंड झाल्यावर पाणी ५ लिटर करा. गाळा, नाहीतर नोझल तुंबतं.
३. चुना ढवळत मोरचूदाचं पाणी त्यात बारीक धारेनं ओता. उलटं करू नका, साका लवकर बसतो.
४. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर अजून चुन्याची निवळी घाला.

त्याच दिवशी, कोरड्या हवेत, पानांच्या खालच्या बाजूलाही फवारा.

सावधान: पीच, प्लमच्या हिरव्या पानांना हे मिश्रण भाजतं, तिथे फक्त पानगळीनंतर वापरा. फुलोऱ्यात कुठल्याच झाडाला नको.