कॉलेजचा म्युझिक व्हिडिओ : ओठ गाण्याच्या मागे का पडतात? शूट आणि एडिटमधल्या या चुका टाळा

शॉर्ट फिल्ममध्ये आधी शूट, मग एडिट आणि संगीत शेवटी. म्युझिक व्हिडिओत हा क्रम उलटतो. मुखडा कुठे, कडवं किती लांब, लय काय, हे सगळं शूटच्या आधीच ठरलेलं असतं आणि प्रत्येक शॉटला त्या घड्याळाशी जुळवून घ्यावं लागतं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये जे घोळ होतात त्यांतले बहुतेक या घड्याळाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. कॅमेरा साधा होता म्हणून व्हिडिओ फसला, असं क्वचितच घडतं.

गाणं पक्कं नसताना शूटला निघणं

“फायनल मिक्स नंतर देतो, तू आत्ता हे वापर,” असं गाणारा मित्र म्हणाला की एकच प्रश्न विचारा: लय आणि रचना बदलणार आहे का? आवाजाची पातळी किंवा बासरीचा तुकडा नंतर बदलला तरी चालतं. पण १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० ठोके) गाणं १२२ झालं, तर साडेतीन मिनिटांच्या गाण्यात शेवटपर्यंत जवळजवळ साडेतीन सेकंदांचा फरक पडतो. ते फुटेज मग ओठांच्या कामाचं राहत नाही. शूटसाठी आणि एडिटसाठी एकच डब्ल्यूएव्ही (न आकसलेल्या आवाजाची) फाइल घ्या आणि तिच्या नावात तारीख टाका.

प्लेबॅककडे कुणाचंच लक्ष नसणं

कॅमेऱ्यामागे चार जण, आणि गाणं लावायला जो रिकामा असेल तो! प्लेबॅकला, म्हणजे शूटच्या वेळी तयार गाणं वाजवायला, एक माणूस कायमचा नेमा. गाणं फोनमध्ये डाउनलोड केलेलं असू द्या, नाहीतर ऐन कडव्यात टूथपेस्टची जाहिरात सुरू होते. गाण्याच्या आधी चार मात्रांची ‘टिक टिक’ जोडून घ्या. प्रत्येक कडव्याची वेगळी फाइल करा आणि तिच्यातही आधीची एक ओळ ठेवा, म्हणजे गाणाऱ्याला अंदाजाने सुरुवात करावी लागत नाही. रेकॉर्ड करणारा आणि गाणं वाजवणारा, दोन्ही फोन फ्लाइट मोडवर ठेवा.

गाणाऱ्याने खरंच गायलं पाहिजे, तेही मोठ्याने. नुसते ओठ हलवले की गळ्याची शीर ताणली जात नाही, श्वास दिसत नाही, आणि बघणाऱ्याला काहीतरी खोटं वाटत राहतं. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा रात्रीचे सीन घरात किंवा हॉलमध्ये बसवा.

ओठ जुळत नाहीत : आधी निदान, मग उपाय

क्लिप एक-दोन फ्रेम (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) इकडेतिकडे सरकवत बसण्यात संध्याकाळ जाते. त्याआधी त्याच टेकची पहिली ओळ आणि शेवटची ओळ पाहा. चूक नेमकी कुठली, ते तिथेच कळतं.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल तर सिंकच, म्हणजे चित्र आणि गाण्याची जुळणीच, चुकीच्या जागी बसली आहे. फोनने सेटवर जो कच्चा आवाज टिपला त्याची वेव्हफॉर्म (आवाजाच्या चढउताराची रेघ) गाण्याच्या वेव्हफॉर्मशी जुळवा. डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर हे काम आपोआपही करतं. म्हणून कच्चा आवाज हवाच. गाणाऱ्याच्या कानात इअरबड आणि सेटवर शांतता, असं शूट केलं तर जुळवायला काहीच उरत नाही. ब्लूटूथ स्पीकर थोडा उशिरा वाजतो म्हणून काही जण घाबरतात, पण गाणारा आणि कॅमेरा दोघंही तोच स्पीकर ऐकत असतील तर त्या उशिराने काही बिघडत नाही.

पहिल्या ओळीला ओठ बरोबर आणि पुढे हळूहळू सुटत जातात, असं असेल तर दोष फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (एफपीएस) टिपल्या त्याचा. बरेच फोन ‘३० एफपीएस’ लिहून प्रत्यक्षात उजेडाप्रमाणे फ्रेमरेट कमीजास्त करतात. एडिटिंग सॉफ्टवेअरला हे पचत नाही. कच्ची क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, नवी फाइल काढा आणि एडिटला तीच वापरा. हँडब्रेकच्या तयार प्रीसेटमध्ये बहुधा ‘पीक फ्रेमरेट’ निवडलेलं असतं, ते बदलायला विसरू नका.

क्लोजअप बरोबर आणि फक्त लांबचे शॉट चुकत असतील तर कारण अंतर आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर गाणाऱ्याजवळ आणि फोन १५ मीटरवर असेल, तर आवाज फोनपर्यंत यायला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. २५ एफपीएसमध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे वेव्हफॉर्म तंतोतंत जुळवूनही ओठ एक फ्रेम पुढेच राहतात. तो शॉट एक फ्रेम उशिरा सरकवा, झालं.

ट्यूबलाइटखाली पट्टे आणि लुकलुक

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. ३० एफपीएस आणि १/६० शटर (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) ठेवलं की वर्गातल्या, कॉरिडॉरमधल्या शॉटमध्ये पट्टे सरकताना दिसतात, आणि एडिटमध्ये ते नीट काढता येत नाहीत. २५ एफपीएस आणि १/५० किंवा १/१०० शटर ठेवा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘पाल फॉरमॅट’ सुरू केल्यावर २५ चा पर्याय दिसतो. शटर हाताने ठरवायचं असेल तर मोफत ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप आहे. फोकस, एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा, नाहीतर पांढरा कुर्ता फ्रेममध्ये आला की चेहरा काळवंडतो.

ग्रुपमध्ये तीन फोन असतील तर आणखी एक गोम आहे. आयफोन १२ आणि त्यापुढचे फोन मुळात एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत) शूट करतात. ते फुटेज दुसऱ्या फोनच्या साध्या फुटेजशेजारी ठेवलं की आकाश फटफटीत पांढरं दिसतं. तिन्ही फोनवर एचडीआर बंद, फ्रेमरेट एकच, रिझोल्यूशन एकच. हे शूटच्या आदल्या दिवशी समोरासमोर बसून करा. “हो, केलंय” यावर विसंबू नका.

स्लो मोशनमध्ये गाणं

५० एफपीएसवर शूट करून २५ च्या टाइमलाइनवर (एडिटमध्ये क्लिप ओळीने मांडतो ती पट्टी) टाकलं आणि क्लिपचा फ्रेमरेटही २५ ठरवला (रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’) की हालचाल निम्म्या वेगाने होते, ओठही निम्म्या वेगाने. गाणं जुळवायचं असेल तर सेटवर ते दुप्पट वेगाने वाजवा आणि गाणाऱ्याला त्या वेगाने गायला लावा. संथ ओळीला हे जमतं. द्रुत लयीत जीभ अडखळते, तिथे ३० एफपीएसवर शूट करा, गाणं १.२ पट वेगाने वाजवा आणि एडिटमध्ये क्लिप तशीच २५ ची करा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ला २० टक्के दिले की फाइल तयार.

फक्त गाणाऱ्याचं फुटेज

साडेतीन मिनिटं म्हणजे २१० सेकंद. सरासरी अडीच सेकंदाला कट धरला तर ८४ शॉट लागतात. पूर्ण गाणं लाँग, मिड आणि क्लोज असं तीन जागांवरून प्रत्येकी दोनदा घ्या. ते २१ मिनिटांचं फुटेज तुमचा पाया. त्यावर हात, पाय, रस्ता, वाद्य असे किमान तीस-चाळीस छोटे शॉट.

वाद्याच्या शॉटला सगळ्यात जास्त फसगत होते. गाणं सहा मात्रांच्या दादऱ्यात आणि ढोलकीवर बसवलेल्या मित्राचे हात आठ मात्रांच्या केरव्यात! बघणाऱ्यांत एखादा जरी वाजवणारा असला तरी तो हसतो, आणि परीक्षकांत असा एक निघतोच. खरा वाजवणारा मिळत नसेल तर फक्त वादी (ढोलकीवरची ताणपट्टी), पुडी (वरचं कातडं), खांदा असं जवळून दाखवा. थाप दाखवू नका.

कटही मात्रा ओळखून करा. दर ठेक्याला कट दिला की वीस सेकंदांत डोळा थकतो. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणि ओळ बदलताना कट द्या, तोही ठेक्याच्या एक-दोन फ्रेम आधी, म्हणजे ठेका पडतो तेव्हा नवीन चित्र डोळ्यासमोर आलेलं असतं.

फाइलींचा गोंधळ

फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते आकसतं. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यापेक्षा केबलने थेट हार्ड डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत होईपर्यंत फोनमधून काही पुसू नका. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनचा फ्रेमरेट सुरुवातीलाच ठरवा, कारण क्लिप आत आल्यावर तो बदलता येत नाही. एडिट एकाच लॅपटॉपवर, एकाच माणसाकडे; बाकीच्यांनी टाइमकोडसह (व्हिडिओतल्या नेमक्या वेळेसह) लेखी सूचना द्याव्यात. फोल्डर दुसऱ्या जागी हलवला की सगळ्या क्लिप ‘मीडिया ऑफलाइन’ दिसतात. घाबरू नका, रीलिंक करून नवी जागा दाखवा.

गाण्याचे हक्क

तुकारामांचा अभंग सगळ्यांचा, पण अलीकडे कुणी त्याला लावलेली चाल आणि त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही. वर्गात दाखवणं वेगळं. यूट्यूबवर टाकलं की तिथली यंत्रणा रेकॉर्डिंग आपोआप ओळखते. ज्याचं गाणं त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या, नाहीतर स्वतः गाऊन पारंपरिक चाल वापरा.

शेवटची फाइल

एक्स्पोर्टच्या (अंतिम व्हिडिओ फाइल काढण्याच्या) आधी सगळ्या क्लिपचा कच्चा आवाज म्यूट केला आहे ना, हे पाहा. तो राहिला की गाण्याला डब्यातल्यासारखा पोकळ आवाज येतो आणि दोष मिक्सला दिला जातो. १०८०पी रिझोल्यूशन, एच.२६४ हा व्हिडिओ फॉरमॅट आणि १५ ते २० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) बिटरेट पुरेसा आहे. एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटमध्ये काढू नका, कॉलेजच्या जुन्या पीसीवर नुसता आवाज येऊन पडदा काळा राहू शकतो. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तीच फाइल, त्याच पेनड्राइव्हवरून, त्याच प्रोजेक्टरवर पूर्ण चालवून बघा. अर्धी नको, कारण ओठ सुटतात ते दुसऱ्या कडव्यात.