दोन ऑप-अँपचा फंक्शन जनरेटर: त्रिकोणी लाट कशी तयार होते आणि फ्रिक्वेन्सी कशी बदलते

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाणी वरच्या खुणेला पोचलं की पंप बंद करून खालची तोटी उघडायची, खालच्या खुणेला आलं की तोटी बंद करून पंप चालू. पाणी भरण्याचा आणि उतरण्याचा वेग एकच ठेवला, तर पातळीचा आलेख त्रिकोणी येतो आणि पंपाच्या चालू-बंदचा आलेख चौकोनी. अॅनालॉग फंक्शन जनरेटरचं, म्हणजे ठराविक आकाराच्या विजेच्या लाटा तयार करणाऱ्या सर्किटचं, मन हेच आहे. टाकीच्या जागी कपॅसिटर, आणि खुणा पाहणाऱ्या माणसाच्या जागी श्मिट ट्रिगर.

टीएल०७२ या आयसीत दोन ऑप-अँप (ऑपरेशनल अॅम्प्लिफायर) असतात, म्हणून एकाच आयसीत काम भागतं. बाकीचे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतात.

आधी वीज. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडा. त्यांचा मधला सांधा म्हणजे आपला ग्राउंड. अधिक ९ व्होल्ट पिन ८ ला, उणे ९ व्होल्ट पिन ४ ला. ही जोडणी उलटी झाली तर आयसी जातो, तेव्हा बॅटरी लावण्यापूर्वी एकदा तपासाच.

पहिला ऑप-अँप इंटिग्रेटर, म्हणजे कपॅसिटर एकसारख्या वेगाने भरणारा आणि उतरवणारा. पिन ३ ग्राउंडला, पिन १ आणि २ च्या मध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि पिन २ ला १०० के (किलोओम) रेझिस्टर. कपॅसिटर पॉलिस्टरचाच घ्या. त्याच्यावरचा व्होल्टेज सतत उलटसुलट होतो, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही.

दुसरा ऑप-अँप श्मिट ट्रिगर. पिन ६ ग्राउंडला. पिन १ पासून पिन ५ पर्यंत १० के, आणि पिन ७ पासून पिन ५ पर्यंत २० के, म्हणजे दोन १० के एकापुढे एक. पिन ७ वर साधारण ७.५ व्होल्ट येतात, कधी अधिक, कधी उणे. २० आणि १० च्या या प्रमाणामुळे खुणा त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ३.७५ व्होल्टवर बसतात.

आता फ्रिक्वेन्सीचं बटण. पिन ७ पासून ग्राउंडपर्यंत १० के पॉट (फिरवून बदलता येणारा, तीन पायांचा रेझिस्टर) लावा. पॉटच्या खालच्या टोकाला १ के जोडून मग ग्राउंड. पॉटचा मधला पाय त्या १०० केच्या मोकळ्या टोकाला. पॉट कमी केला की कपॅसिटरला करंट कमी मिळतो, चढण मंदावते, खुणेपर्यंत पोचायला वेळ लागतो. खुणा मात्र हलत नाहीत, म्हणून लाटेची उंची तीच राहते.

पॉट पूर्ण वर असताना फ्रिक्वेन्सी = १ ÷ (२ × रेझिस्टर × कपॅसिटर), म्हणजे इथे ५०० हर्ट्झ. पूर्ण खाली सुमारे ४५. कपॅसिटर १ नॅनोफॅरडचा केला की दोन्ही आकडे दहापट. या सूत्रात बॅटरीचा व्होल्टेज नाही, हे मला या सर्किटचं सर्वांत सुंदर अंग वाटतं. बॅटरी उतरली की चढण मंदावते, पण खुणाही त्याच प्रमाणात जवळ येतात. लाट बुटकी होते, फ्रिक्वेन्सी जवळपास जागेवरच राहते.

लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही. १० नॅनोफॅरडच्या जागी १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर लावा, आणि पिन ७ पासून २.२ के मधून एकमेकींना उलट जोडलेल्या लाल-हिरव्या दोन एलईडी ग्राउंडला द्या. पॉट खाली असताना आलटून पालटून पेटणाऱ्या एलईडी सावकाश मोजता येतात. १० नॅनोफॅरडवर परतलात की पिन १ ची त्रिकोणी लाट दुसऱ्या १० के पॉटने पुष्कळ कमी करून छोट्या अॅम्प्लिफायरला द्या. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाशी सूर जुळला, की तुम्ही ४४० हर्ट्झच्या आसपास आहात.

७४१ हा दुसरा ऑप-अँप वापरण्याचा मोह टाळा. त्याचा व्होल्टेज मायक्रोसेकंदाला जेमतेम अर्धा व्होल्ट बदलतो. १५ व्होल्टची उडी मारायला ३० मायक्रोसेकंद लागतात, आणि ५ किलोहर्ट्झला चौकोनाच्या भिंती तिरक्या होतात. टीएल०७२ तीच उडी एका मायक्रोसेकंदाहून थोड्या जास्त वेळात मारतो.

साइन लाट त्रिकोणी लाटेची टोकं गोल करून मिळवतात. त्या दुसऱ्या पॉटच्या मधल्या पायापासून १० के, आणि पुढे ग्राउंडला उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास आला की डायोड हळूहळू वाहू लागतात आणि चढण वाकते. पॉट वाढवत न्या. टोक चपटं व्हायला लागलं की किंचित मागे घ्या.