रेघ जाड-बारीक होते, तरी चित्र सपाटच? या चुका टाळा

रेषेचं वजन, म्हणजे लाइन वेट, शिकायचं ठरवलं की बहुतेक जण पानभर रेघा ओढायला बसतात. बारीक, जाड, बारीकपासून जाड, जाडपासून बारीक. काही दिवसांत हात वळतो. मग वही काखोटीला मारून नाशिकच्या गोदाघाटावर जातात, नारोशंकराचं देऊळ काढतात आणि चित्र पूर्वीइतकंच सपाट येतं. सरावाच्या पानावर हात तयार झाला, पण ही रेघ जाड का आणि ती बारीक का, हा प्रश्न तिथे कधी आलाच नाही. म्हणून हाताच्या चुका जरा नंतर घेऊ. आधी विचारातल्या.

दगड काळा, म्हणून रेघही काळी

काळाराम मंदिर काढताना हे हटकून होतं. देऊळ काळ्या पाषाणाचं, म्हणून शिखरापासून जोत्यापर्यंत प्रत्येक रेघ दाबून काढलेली. दगडाचा रंग दाखवणं हे रेघेच्या जाडीचं काम नाही. जाडीने सांगायचं ते एवढंच: ऊन कुठे नाही, पुढे काय आहे आणि भार कुठे टेकला आहे. उन्हाच्या बाजूच्या कडा बारीक ठेवा, मध्येच तुटल्या तरी चालतील. सावलीच्या बाजूच्या आणि छज्ज्याखालच्या कडा ठळक करा. रंग दाखवायचाच असेल तर शेवटी आडव्या-तिरप्या रेघांची छटा द्या.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना इथे थोडं जड जातं. वस्तुचित्रात आपण फिकट बाह्यरेषा काढतो आणि पुढचं सगळं काम छायेवर सोपवतो. रेघेवर एकटीने चित्र पेलायची वेळच येत नाही. त्यामुळे छटा काढून घेतली की हातात काहीच उरत नाही, असं वाटतं.

सगळे नियम एकाच चित्रात

जवळचं जाड, लांबचं बारीक. सावलीतलं जाड, उन्हातलं बारीक. बाहेरची कड जाड, आतली बारीक. तिन्ही नियम खरे आहेत आणि तिन्ही एकमेकांशी भांडतात. जवळची पायरी उन्हात आहे आणि लांबचं देऊळ सावलीत, तर जाड काय करायचं? नवशिक्या दोन्ही जाड करतो.

एका चित्रात एकच नियम मुख्य धरा. माझं मत विचाराल तर सुरुवातीला आच्छादनाचा नियम घ्या: जिथे एक वस्तू दुसरीच्या पुढे येते, तिथे पुढच्या वस्तूची कड ठळक. ऊन सरकलं तरी हा नियम बदलत नाही, आणि चूक झाली की लगेच दिसते.

यासाठी नाशिककरांना द्राक्षांच्या घडापेक्षा चांगला नमुना शोधायची गरज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात घड असतोच. एकच पेन घ्या. आधी सगळे मणी सारख्या बारीक रेघेत काढा. हे चित्र साबणाच्या फुग्यांच्या ढिगासारखं दिसेल, कुठला मणी पुढे आणि कुठला मागे ते कळणार नाही. आता फक्त जिथे एक मणी दुसऱ्याला झाकतो, तेवढाच कंस पुन्हा एकदा ओढा. पूर्ण गोल गिरवायचा नाही, ही यातली खरी परीक्षा आहे. कंस मध्यभागी जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता व्हायला हवा. तीन मणी एकत्र येतात तिथे छोटी त्रिकोणी फट राहते, ती काळी भरून टाका. देठ ज्या मण्यामागून बाहेर येतो, तिथेही थोडं वजन द्या. उजेडाकडच्या मण्यांची बाहेरची कड मात्र पहिल्या रेघेवरच सोडा.

घड गोल वाटू लागला की समजा, डोळा वळला. मण्यांच्या जागी पितळी भांडी किंवा घाटावरची माणसं आली तरी विचार हाच.

कोरीवकामाचा मोह

त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाचं लेणं आहे. त्याच्या ओसरीचा भार खांद्यावर पेलणारे सहा यक्ष दर्शनी भागात कोरले आहेत. विद्यार्थी इथे बसले की यक्षांचे डोळे, दागिने आणि वरच्या कठड्याची नक्षी ठळक काढतात. लक्ष तिथे जातं, म्हणून पेनही तिथेच दाबलं जातं. भार जिथे खांद्यावर टेकतो ती जागा मात्र बारीक राहते आणि यक्ष नुसते उभे असल्यासारखे दिसतात.

नक्षी सगळ्यात बारीक रेघेत काढा, काही ठिकाणी अर्धी सोडा. वजन द्या ते तुळई आणि खांदा यांच्या भेटीच्या जागी आणि शरीर जिथे जमिनीतून वर येतं तिथे. टेबलावर ठेवलेल्या तांब्यालाही हेच लागू. बुडाखालची छोटी ठळक रेघ नसेल तर तांब्या तरंगतो.

घाटाच्या पायऱ्यांचंही असंच. सगळ्या पायऱ्या एका जाडीने काढल्या की पान आखीव वहीचं वाटतं. जवळच्या तीन-चार नीट काढा, पुढच्या विरळ करत न्या, शेवटच्या नुसत्या सुचवा.

आता हाताच्या चुका

पहिली केसाळ रेघ. धीर होत नाही म्हणून छोटे छोटे फटकारे एकावर एक घासत रेघ पुढे नेली जाते. अशा रेघेला जाडी असते, पण ती कुठे वाढली आणि कुठे कमी झाली यावर तुमचा ताबा नसतो. पेन कागदाला न टेकवता त्या मार्गावरून दोन-तीनदा हात फिरवा, मग एकदाच ओढा. चुकली तर तिच्यावर गिरवू नका, शेजारी दुसरी ओढा. बरोबर आलेल्या रेघेलाच नंतर एका बाजूने वजन द्या.

दुसरी, एचबी पेन्सिल दाबून काळी करायचा हट्ट. निकोलास-जाक काँतेने १७९५ मध्ये ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून पेन्सिलीची शिसं बनवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आजचे नंबरही त्याच मिश्रणावर ठरतात. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळं. एचबीवर कितीही जोर लावला तरी ती ४बी होणार नाही. कागदाला खाच मात्र पडेल, आणि ती खोडरबरने जात नाही. पेन्सिल बदला. पान उलटून मागच्या बाजूने बोट फिरवा, उठाव लागत असेल तर दाब जास्त आहे.

तिसरी, सगळ्या रेघा मनगटातून. मनगट छोट्या वळणाला चांगलं, पण लांब रेघ त्याच्याने वाकते आणि शेवटी दाब वाढतो. लांब रेघ कोपरातून किंवा खांद्यातून ओढा. मांडीवर वही ठेवून घाटावर बसलं की हात आपोआप आखडतो, म्हणून पॅड आणि क्लिप सोबत ठेवा.

पेनावरचे आकडे

फाइनलायनर, म्हणजे ठरावीक जाडीची रेघ देणारं बारीक टोकाचं पेन, घेताना नंबरला मिलिमीटर समजू नका. साकुराच्या पिग्मा मायक्रॉनमध्ये ०१ ची रेघ ०.२५ मिमी, ०५ ची ०.४५ आणि ०८ ची ०.५० मिमी असते. म्हणजे ०५ आणि ०८ अशी जोडी घेतली तर फरक जेमतेम दिसेल. ०१ आणि ०८ घ्या. दाब देऊन फाइनलायनर जाड होत नाही, फक्त टोक बसतं. जाडी हवी तर दुसरी रेघ जोडून ओढायची. दाबाप्रमाणे बदलणारी रेघ शिकायला साधं बॉलपेन उत्तम, आणि ते मेन रोडवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. ब्रश पेन थोडं थांबून घ्या. सुरुवातीला ते प्रत्येक रेघ जाड-बारीक करून देतं आणि कारण नसलेली जाडी फार देखणी दिसते.

शाई कडेने पसरत असेल तर कागद तपासा. झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद पेन्सिलीच्या सरावाला ठीक, शाईला नाही. पावसाळ्यात दमट हवेने कागद मऊ पडतो, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

टॅबवर काढणाऱ्यांनी झूम करून जाडी ठरवू नये. पूर्ण चित्र दिसेल इतक्या अंतरावरून ठरवावी.

सारखी रेघ म्हणजे चूक, असंही नाही

पेठ-सुरगाण्याकडे वारली चित्रं पाहिली असतील. तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, बांबूच्या काडीने काढलेली, जाडी जवळपास सारखी. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेतल्या कामासाठी. तिथे खोली दाखवायचीच नसते. आकार, लय आणि मांडणी चित्र पेलतात. तुमच्या चित्राला खोली हवी आहे का, हे आधी ठरवा. नको असेल तर वरचं अर्धं लागू होत नाही.

रेघ जाड झालीच आहे, आता?

चित्र भिंतीला टेकवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे किलकिले करून बघा. नको ते आधी दिसलं तर ती रेघ चुकीची. शाईची रेघ बारीक करता येत नाही. ब्लेडने खरवडायला जाऊ नका, कागदाचा पापुद्रा निघून तिथे पुढची शाई फुटते. त्याऐवजी जी रेघ खरोखर पुढे यायला हवी तिला आणखी वजन द्या, म्हणजे चुकलेली आपोआप मधल्या जाडीची ठरते. एका चित्रात असं एक-दोनदाच जमतं. तिसऱ्यांदा वेळ आली तर नवं पान घ्या आणि तोच कोपरा छोट्या आकारात पुन्हा काढा.